पहिल्या दिवसापासून नसलेली दांडी

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर पूर्ण, पूर्वी आमच्या घरच्या मोटार कारखान्याच्या नकाशाघराचा प्रमुख, आता कशाचाच नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसे गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले आहे आणि साक्षीदार म्हणून त्या सहीही करणार आहेत. मला कोणी धाक घातलेला नाही. लाडीगोडी पुतण्याने लावून पाहिली, तिचा हिशेब पुढे येईल. याआधी मी कोणाला काही लिहून दिलेले नाही. माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय करावे ते असे:

कलम एक. राहते घर सामानासह माझ्या एकुलत्या एक मुलीला. ती जनावरांची डॉक्टर आहे आणि तिचे निम्मे आयुष्य खडकाळ वाटांवर जाते, तेव्हा या घरात ती राहील असे मी धरून चाललेलो नाही. विकायचे तर खुशाल विकावे. मागच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही, हे मात्र घेणाऱ्याला आधी सांगावे. न लागणारी दारे लोकांच्या गळ्यात मारण्यात आमच्या घराण्याने पुरेसे नाव कमावले आहे.

कलम दोन. बँकेत जे असेल तेही तिलाच. त्यातून माझ्या अंत्ययात्रेचा खर्च करावा. अंत्ययात्रेला कारखान्याची गाडी आणू नये. कारखाना आता पुतण्याकडे आहे; तो गाडी फुले लावून पाठवेल, ती परत पाठवावी. जिवंतपणी मी त्या गाडीत भरपूर आदळलो आहे. मेल्यावर तरी हाडे जागच्या जागी राहू द्यावीत.

कलम तीन. माझ्याकडचे तीन पाने पुतण्याला द्यावेत. पाने म्हणजे नट फिरवायचे; पुतण्याने ते हातात धरलेले मी पाहिलेले नाहीत म्हणून खुलासा केला. हे तीन पाने कारखान्यातल्या बैठकीच्या खोलीत खिळ्याला टांगलेले असत. आमच्या वडिलांनी गाडी बनवली तेव्हाच नियम घातला होता की एवढ्या तीन पान्यांनी जी उघडत नाही ती गाडी आपली नाही. डोंगरात, वाळूत, चिखलात अडकलेल्या माणसाजवळ आणखी काय असणार? म्हणून पुढची काच सपाट, कोणत्याही गावातल्या काचवाल्याने कापून द्यावी अशी. म्हणून बिजागऱ्या बाहेर, दार उचलून बाजूला ठेवता यावे म्हणून. मडगार्ड सपाट, त्यावर हत्यारे मांडता यावीत म्हणून. कामगार तिला ठोकळा म्हणत, आणि ठोकळाच होती ती. या कारणांवर माझा राग नाही. वडिलांना मी मानत होतो.

वडील गेले आणि कारखाना माझ्या थोरल्या भावाकडे, दादांकडे आला. पाने खिळ्यावर तसेच राहिले, फक्त त्यांचा उपयोग बदलला. मी नवा नकाशा घेऊन गेलो की दादा पाने खाली काढून टेबलावर मांडत आणि विचारत, यातल्या कोणत्या पान्याने? मी नकाशात दाराला रबराची किनार काढली, पाऊस आत येऊ नये म्हणून. गरम हवेची पेटी काढली. पाठ मोडणार नाही अशी सीट काढली. सीट तर दोनच पान्यांत निघत होती. ते दाखवल्यावर दादांनी पाने पुन्हा खिळ्याला अडकवले आणि म्हणाले, "गाडी खपते आहे ना? मग तिला हात लावू नकोस." पत्रे दाबायच्या साच्यांचा खर्च वडिलांच्या काळातच वसूल झाला होता, नव्या साच्याला पैसा घालायचा नव्हता, एवढीच गोष्ट. लोकांना मात्र सांगितले गेले की ही निष्ठा आहे. दादा स्वतः दुसऱ्या कारखान्याच्या, काचा घट्ट लागणाऱ्या, गरम हवेच्या मोटारीतून कामावर येत, हे मी येथे नमूद करून ठेवतो.

माझी सगळी उमेद त्या खोलीत गेली. नकाशाघराचा प्रमुख म्हणून मी एकाच गाडीचा तोच तो नकाशा जुना झाला की नव्या कागदावर उतरवत राहिलो. सोडून का गेलो नाही, असे मुलगी विचारते. दादा कधीतरी हो म्हणतील असे वाटत राहिले, दुसरे काही नाही.

कलम चार. निवृत्तीच्या दिवशी मला लाकडी पाटावर बसवलेला पितळी ठोकळा, म्हणजे त्याच गाडीचा छोटा नमुना, दिला. टाळ्या झाल्या. तो मी आजवर दार अडवायला वापरला. कामाचा आहे, वजनदार आहे. ज्याचे दार वाऱ्याने आपटत असेल त्याला द्यावा.

कलम पाच. माझी स्वतःची गाडी. ही पहिल्या काही गाड्यांपैकी, म्हणून पुतण्याला ती कारखान्याच्या नव्या काचेरी दालनात ठेवायची आहे. त्यासाठी तो मिठाई घेऊन दोनदा आला. कारखान्याने नुकतेच एक गुळगुळीत पुस्तक काढले आहे, "आहे तशीच". त्यात डॅशबोर्डावरच्या दांडीचे पानभर छायाचित्र आहे आणि खाली छापले आहे की पहिल्या दिवसापासूनची ही खूण.

ती दांडी मी लावली. माझी बायको बुटकी होती, आणि मुलीच्या वेळच्या बाळंतपणानंतर तिच्या कंबरेत कायमचे दुखत असे. ठोकळ्यात चढताना ती काचेची चौकट धरायची आणि तळवा कापून घ्यायची. एकदा चिंधी बांधलेला हात दाखवून म्हणाली, "तुमची गाडी डोंगर चढते, पण मी गाडीत चढू कशी?" मी नळीचा तुकडा वाकवला, हेडमिस्त्रीने डॅशबोर्डाला भोके पाडली. तिला धरायला लावले, तर दांडी तिच्या हाताला फार खाली येत होती. मग वर नवी भोके पाडली आणि खालची बुजवली. ती आजही दांडीखाली हाताला लागतात. पुढे सहलीला वहिनींनी ती दांडी धरली आणि आपल्याही गाडीत हवी म्हणाल्या. तेव्हा दादा मला म्हणाले, "हा काही बदल नाही. ही सोय आहे." बदल नाही म्हणून तिची कुठे नोंद झाली नाही, आणि नोंद नाही म्हणून ती प्रत्येक ठोकळ्यात गेली. माझ्या नावावर एवढीच एक गोष्ट आहे आणि ती माझ्या नावावर नाही.

हे मी पुतण्याला सांगितले. तुझ्या काकूसाठी केली होती रे, असेही म्हणालो. तो म्हणाला, "काका, आता छापून झालंय. आणि लोकांना असंच आवडतं." तेव्हा गाडी त्याला मिळणार नाही. दालनात नेऊन तो आधी ती बुजवलेली भोके रंगवून टाकील.

गाडी मुलीला. तिला थंडीपावसात गोठ्यांवर जावे लागते. मध्ये ती विचारत होती की घट्ट दारे, हीटर आणि बरी सीट बसवली तर चालेल का. मी चालेल म्हणालो. मग ती म्हणाली, "आणि बाबा, ही दांडी काढू का? माझ्या गुडघ्याला लागते." ती उंच आहे, माझ्यावर गेली आहे. मी ताडकन म्हणालो की दांडीला हात लावायचा नाही. मी घरी आलो आणि जेवलो नाही. तो आवाज दादांचा होता, आणि माझ्या तोंडून निघाला होता. हे मृत्युपत्र मी त्यानंतर लिहायला घेतले.

तेव्हा बाळ, गाडी तुझी आहे आणि सगळी तुझी आहे. दारे, सीट, जे हवे ते बदल. चौथा पाना लागला तर विकत आण. दांडीही काढ. आईची म्हणून ठेवू नकोस. आईला लागत होती म्हणून लावली, तुला टोचते म्हणून काढायची, तिने ऐकले असते तर तिलाही हेच पटले असते.

कलम सहा. काढलेली दांडी दादांना द्यावी. आम्ही बरीच वर्षे बोललेलो नाही. ऐकतो की हल्ली त्यांना पलंगावरून उठताना धरायला काही लागते आणि माणूस हाक मारूनही लवकर येत नाही. मुलीने स्वतः जाऊन ती त्यांच्या पलंगाशेजारच्या भिंतीत बसवून द्यावी. उंची त्यांना धरायला लावून ठरवावी; पहिली भोके चुकली तर बुजवून दुसरी पाडावीत. त्यांनी कुरकुर केली तर सांगावे की हा बदल नाही, सोय आहे. आणि ती पहिल्या दिवसापासून तिथे नव्हती, हे त्यांनी रोज उठताना लक्षात ठेवावे.

याखेरीज माझे कोणाशी काही देणेघेणे नाही. वरील सर्व मी पुन्हा वाचले आहे. रागाचे शब्द खोडावेत असे डॉक्टरीणबाईंनी सुचवले, ते मी खोडलेले नाहीत.

ठिकाण: राहते घर, मागची खोली, खिडकीपाशी
दिनांक: चौदा मार्च

सही: नकाशाघराचे धाकटे साहेब

साक्षीदार पहिल्या: गल्लीतल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई. माझ्यासमोर सही केली. नाडी जलद, बुद्धी शाबूत.

साक्षीदार दुसरे: कारखान्याचे निवृत्त हेडमिस्त्री. माझ्यासमोर सही केली. चुकीची भोके मीच पाडली होती, धाकट्या वहिनीसाहेब तेव्हा शेजारी उभ्या होत्या.