नळीतला रंग

१८ जून १९६३

परत विटकरी! सकाळी पडवीत स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरली. निळ्या औषधात लघवीचे थेंब — उकळी आली तसं हिरवं, पिवळं, आणि मग थेट कौलाचा रंग, म्हणजे साखर भरपूर. मधुमेहाची गोळी एकदाही चुकवलेली नाही. भात कमी, चहा बिनसाखरेचा. तरी हे!

सासूबाई मासळीची पाटी उचलता उचलता थांबल्या. "परत लाल गो?"

"परत. पण मी काय सोडतंय काय तेका!"

२० जून

शाळा सुटल्यावर आरोग्य केंद्रात गेले. डॉ. नाबर म्हणाले, "बाई, एका गोळीने भागत नाही. जोडीला दुसरी देतो, नवीनच आली आहे. पहिली शरीराला जास्त इन्सुलीन तयार करायला लावते, ही वेगळ्या वाटेने साखर उतरवते."

"दोघींचं भांडण नाही ना होणार?" मी विचारलं. डॉक्टर हसले. "नाही. पण उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत."

२७ जून

तोंडाला लोखंडाची चव. पोट बिघडलंय. पावसामुळे होडी वर ओढलेली, म्हणून हे घरीच. म्हणतात, "टाकून दी ती गोळी." नाही टाकणार! जेवता जेवता घेऊन बघते.

११ जुलै

हिरवं!! पोटही शांत.

५ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

आज चुकलं. उपासही धरला आणि गोळ्याही घेतल्या. पाढे सांगता सांगता हात थरथरले, दरदरून घाम, फळा हलायला लागला. शेजारच्या वर्गावरच्या हौसाबाईंनी माझ्या तोंडात गूळ कोंबला, म्हणून सावरले.

डॉक्टर संतापले. "उपास की गोळ्या, एक काय ते ठरवा!" लहानपणापासूनचे सोमवार — रडूच आलं.

सासूबाई म्हणाल्या, "तुझे उपास मी धरतंय. देवाक मी सांगतंय काय ता. तू गप जेव."

"पण तुमचो सोमवार आसाच मां?"

"मग तुझो मंगळवारी करतंय!"

३ सप्टेंबर

निळं. निळं म्हणजे निळंच, साखर नाहीच! तहान नाही, शाळेची घाटी न थांबता चढले.

३० सप्टेंबर

डॉक्टरांनी आज सहज विचारलं, "मुलं?"

दोन झाली, म्हटलं. दोन्ही मुलगे, अंगाने चांगले दांडगे. पहिला रडलाच नाही. दुसरा दुपारपर्यंत होता.

"तेव्हा साखर तपासली होती कुणी?" कोण तपासणार! डॉक्टर म्हणाले, "मोठं मूल, असं जाणं — साखरेनेही होतं, बाई."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. विणत होते ते जाळं बाजूला ठेवलं. म्हणाले, "म्हणजे तुझ्या पायगुणान नाय."

तसं कोण म्हणालं होतं, मी विचारलं नाही. विचारायचंही नाही.

१४ डिसेंबर

पाळी थांबली ती वयामुळे, असंच धरून चालले होते. अडतिसावं लागलंय. डॉक्टर म्हणाले — तिसरा महिना! दोन्ही गोळ्या आजपासून बंद. रोज इन्सुलीनची सुई, माझी मीच टोचायची. बाळंतपण कोल्हापूरच्या मोठ्या इस्पितळात.

पहिली टोचली. हात हलला नाही.