दादाच्या श्वासाची शहानिशा

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. नियम एकच: जे खरं, तेच लिहायचं.
दादा वॉटर पार्कमध्ये दर रविवारी काचेच्या टाकीत बुडून बसतो. बाहेर बोर्ड आहे, 'मानवी मासा, अकरा मिनिटं'. माझी कॉलेजची सगळी फी त्या टाकीतून आली. घरात पदवी घेतलेली मी पहिली. आता पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आज फिजिऑलॉजीचं जुनं पुस्तक काढलं. प्राणवायू मिळाला नाही तर काही मिनिटांत मेंदूचं नुकसान सुरू होतं, असं त्यात स्पष्ट आहे. मोबाइलवर पाहिलं, तर सराव केलेली माणसं खरंच तेवढं थांबतात म्हणे. पण मोबाइलवर काय वाट्टेल ते असतं.
म्हणजे दादा एक तर लोकांना फसवतोय, नाही तर त्याचा मेंदू गेलाय. बहीण म्हणून मला दोन्ही चालणार नाही. शहानिशा करणार. शांतपणे, कुणालाही न दुखवता.

५ फेब्रुवारी, बुधवार
आधी स्वतःवर प्रयोग. बादलीत तोंड बुडवलं. दीड मिनिट! मधे दोनदा डोकं वर आलं, पण ते घड्याळ बघायला. तेव्हा श्वास आत गेला असल्यास अनवधानाने, म्हणून तो धरला नाही.
आई म्हणाली, केस धुवायचेत तर नीट धू की, कोंबडी बुचकळल्यासारखं काय चाललंय?

८ फेब्रुवारी, शनिवार
दादाला जेवताना सरळ विचारलं, खरं की खोटं. तो म्हणाला, मास्तरीणबाई, शिकलेल्या तुम्ही, तुम्हीच सांगा. आणि हसत सुटला, घास लागेपर्यंत. वहिनी म्हणाली, ताई, लोक टाळ्या वाजवतात, तुम्हीही वाजवा आणि गप्प बसा.
वहिनीचा स्वभाव मुळातच वैज्ञानिक नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
शो नीट पाहिला. टाकीत मागच्या बाजूला प्लास्टिकचा खडक आहे. दादा आधी काचेजवळ बसतो, लहान मुलांना हात करतो. मग खडकाला टेकतो आणि मान मागे टाकतो. लोकांना वाटतं, ध्यान लागलं.
शो संपल्यावर टाकी रिकामी करत होते. मी सहज आत वाकून खडकामागे हात घातला. नळी.
मी रडले. डोळ्यांत क्लोरीनही गेलं होतं, पण रडलेच असणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार
दादाने कबूल केलं. निर्लज्जपणे, दाढी करता करता. म्हणाला, पहिली चार मिनिटं माझी, पुढची नळीची. चार मिनिटं तरी कोण बसून दाखवतं सांग? पण चार मिनिटांना कुत्रं येत नाही गं बघायला. नळी मॅनेजरसाहेबांनीच बसवली, माणूस मरू नये म्हणून.
मी म्हटलं, अर्धं खरं म्हणजे पूर्ण खोटं. तो म्हणाला, मग तुझ्या डिग्रीतला नळीचा वाटा परत करून टाक.
हा विषयाला बगल देणारा विनोद झाला. डिग्री मी अभ्यास करून मिळवली आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
झोप नाही. लॅबमध्ये एका आजोबांचं रक्त उगाचच दोनदा तपासलं. दुसऱ्यांदाही तेच आलं, तरी पटेना.
शेवटी ठरवलं. नळीचं कुणालाही सांगायचं नाही. फक्त कुणी विचारलंच, तर खोटं बोलायचं नाही. दोन्ही एका वेळी सहज जमतं.

१६ फेब्रुवारी, रविवार
कुणी विचारलंच नाही. एवढी गर्दी, मी अगदी पुढे उभी, एकानेही माझ्याकडे वळून पाहिलं नाही. लोकांची जिज्ञासाच मेली आहे. शेवटी मीच हात वर केला आणि विचारलं, खडकामागे काय आहे? नुसता प्रश्न. आरोप नाही.
वाटलं होतं, मॅनेजर बाजूला घेऊन दोन शब्द बोलतील. पण लोक ओरडायला लागले, खडक काढा! कुणीतरी टाकीत चप्पल टाकली. मॅनेजरने माइक हातात घेतला आणि सांगून टाकलं, की पुढच्या रविवारी खडक नसेल, अकरा मिनिटं मात्र असतील, या आणि डोळ्यांनी बघा.
दादा टाकीबाहेर आला. माझ्याकडे बराच वेळ बघत होता. अभिमानाने असावं. इतक्या वर्षांनी त्याला खरं ठरायची संधी मिळाली.

१९ फेब्रुवारी, बुधवार
दादा मॅनेजरकडे नाही म्हणायला गेला होता. ते म्हणाले, तिकिटं खपली आहेत, तुला जमत नसेल तर माझा मेहुणा मोकळाच आहे. दादा परत आला, पलंगावर आडवा झाला आणि नाक दाबून सराव सुरू केला. ओठ निळे पडतात. मी उशाशी बसून मार्गदर्शन करते.
वहिनी म्हणाली, ताई, आजवर त्यांना पाण्यात पाहिलंत, आता पाण्यातच घालवणार का? मी मनाला लावून घेतलं नाही. तिचं शिक्षण सातवीपर्यंत.

२३ फेब्रुवारी, रविवार
हाताला पट्टी आहे. तरी लिहिते.
दादा खडकाशिवाय बसला. लोक एकसुरात आकडे मोजत होते. घरच्या सरावात जमलं होतं, त्याच्या पुष्कळ पुढे गेला. मग त्याचे खांदे पडले, हात वर तरंगायला लागले. वहिनी किंचाळली. मी तिचं मनगट घट्ट धरलं आणि समजावलं, की स्नायू सैल सोडले म्हणजे प्राणवायू कमी लागतो, हे तंत्र आहे, ओरडून त्याची एकाग्रता मोडू नकोस. आजूबाजूची माणसंसुद्धा माझं ऐकून शांत झाली. एक गृहस्थ म्हणाले, बाईंना माहिती दिसते. शिक्षणाचं चीज झालं, असं त्या क्षणी वाटून गेलं.
वहिनी मला चावली आणि टाकीवर चढली.
वर ओढला तेव्हा तो निळा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तोही शोचाच भाग वाटला.
माझ्या हातावर चार दात उमटलेत. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार
दादा शुद्धीवर आहे. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचला. पाण्यात पुन्हा उतरायचं नाही, कधीच. म्हणजे काम गेलं. आई म्हणाली, तू काय गं, तू फक्त विचारलंस. हो ना? फक्त विचारलंस. मग भांडी घासायला गेली. आईला तरी कळलं.
दादा मात्र बोलत नाही. दवाखान्यात माझ्याशी एक शब्द नाही. मी टॉर्च घेऊन घसा तपासायला गेले, तर तोंड मिटून घेतलं. मेंदूच्या वाचेच्या भागाला इजा झाली असणार. डॉक्टरांच्या लक्षात आलेलं नाही. आता मलाच लक्ष ठेवलं पाहिजे.

२ मार्च, रविवार
दादाला घरी आणलं. दुपारी पार्कवर जाऊन आले. खडक पुन्हा जागेवर. आत मॅनेजरचा मेहुणा. नवा बोर्ड, 'मानवी मासा, पंधरा मिनिटं'. रांग रस्त्यापर्यंत. मला फाटकातून आत सोडलं नाही, हे सगळं कुंपणावरून पाहिलं.
त्यांच्याशी मी वाद घातला नाही. आधी दादाची वाचा.

६ मार्च, गुरुवार
लॅबमधून लवकर सुटले. दाराशी आले तर आतून दादाचा आवाज! मोबाइलवर आलेला व्हिडिओ बघून, मॅनेजरचा मेहुणा पाण्यात पोट कसं आत ओढून धरतो, याची नक्कल चालली होती. म्हणत होता, माशापेक्षा बेडूकच जास्त. आई आणि वहिनी हसून बेजार. शब्द स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. म्हणजे मेंदू शाबूत! मी चप्पल न काढताच आत धावले.
खोलीत चिडीचूप.
विचारलं, दादा, बरं वाटतंय का? तो भिंतीकडे बघत राहिला. मी स्टूल ओढलं आणि समोर बसले. ठरवलं, हा बोलेपर्यंत उठायचं नाही. लॅबमधल्या गमती सांगितल्या. मग शाळेतल्या. मग चुकलं असं म्हटलं, म्हणजे समजा चुकलं असेल तर, असं. त्याच्या पुढ्यात वाढलेलं ताट होतं, ते निवत चाललं होतं. त्याने हात लावला नाही. खोकलासुद्धा नाही.
शेवटी वहिनी म्हणाली, ताई, जरा बाहेर बसता का? त्यांना जेवायचंय.
बाहेर पायरीवर बसून हे लिहिते आहे. आत पुन्हा बोलणं सुरू झालंय.