थंडीतली जट

प्रिय हौसा,

काल तुझ्या घरून मी चहा न घेता उठले, याचं तुझ्या सासूबाईंना वाईट वाटलं असेल. वाटू दे. पण आई रागावून गेली, असं तुला वाटलं असेल तर ते मनातून काढून टाक. मी रागावले नव्हते गो, माझी वाचाच बसली होती. पेणपासून महाडपर्यंत जिथे माईक मिळेल तिथे बोलणारी मी, आणि काल माझ्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही. रोह्याहून गाडीत बसले ती बसलेच. कासू कधी गेलं कळलं नाही. पेणला एका भाजीवालीने खांदा हलवला, "चंद्रावतीताय, उतरत नाय का? का पनवेलला भाषान हाय?" तेव्हा उतरले.

काल काय झालं ते माझ्या बाजूने ऐक. रविवारच्या आमच्या अंधश्रद्धेविरुद्धच्या सभेची तयारी बघायला मी रोह्याला आले होते, आणि त्या निमित्ताने तुझी धाकटी बघायची होती. स्टेशनवर सभेचं सगळं बघणारे नीलकंठ मास्तर घ्यायला आले. रिक्षात बसायच्या आतच म्हणाले, "ताई, इथे जवळच वरसे गावात एका बाळंतिणीला जट आलीय. बायका ओट्या घेऊन रांग लावतायत. तुम्ही तिला समजवा, रविवारी स्टेजवर जट कापू. सगळा तालुका बघेल." मला हुरूपच आला. मी म्हटलं, माझी लेकही वरशातच आहे, आधी नातीला बघते, मग त्या बाईकडे जाऊ. रिक्षा तुमच्या गल्लीत वळली. तुझ्या दारात चपलांचा ढीग दिसला आणि, हसशील तू, मला आनंद झाला. दुसरी मुलगी झाली तरी बघायला एवढी माणसं आली! मास्तरांना मी तसं बोलूनही दाखवलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना घर ठाऊक होतं, ते माझ्या लेकीचं आहे हे ठाऊक नव्हतं.

आत तू चौरंगावर. कपाळ कुंकवाने भरलेलं. धाकटी कोपऱ्यात गोधडीवर एकटीच रडत होती, आणि बायका तुझ्या मानेमागच्या त्या गोळ्याला हळद लावत होत्या. काथ्याच्या जाड दोरासारखा घट्ट, तेलकट, राखाडी गोळा. माझ्या हौसाचे केस! धोंडुबाई पुढे आल्या, "या विहीणबाय, पाया पडा. लेक म्हनून बघू नका, देवी हाय ती आता." मी आजवर कितीतरी गावांत जटा पाहिल्या आहेत, सोडवल्या आहेत, कापल्या आहेत. पण त्या दारात मी अशी उभी राहिले की मागच्या बाईला वाटलं, माझ्याच अंगात येतंय. तिने मला जागा करून दिली आणि मी तुझ्याजवळ येऊन बसले.

जट कशी झाली ते मला एका नजरेत कळलं. हे थंडीचे दिवस आहेत, हौसा. खोबरेल गोठतं. गोठलेलं तेल बोटाने खरवडून टाळूवर थापलं, वर फडकं करकचून बांधलं, वारं लागेल म्हणून न्हाणं टाळलं, शेगडीचा धूर घेतला आणि फणी लावलीच नाही, तर कुणाच्याही मानेवर महिन्याभरात देवी उगवेल. माझ्याही. तुझे केस तर मिठागरावर वाढलेले. तुझे बाबा आणि मी हिवाळ्यात बांध घालायला जायचो, तू बांधावर खेळायचीस. खाडीवरच्या खाऱ्या वाऱ्याने संध्याकाळी तुझं डोकं नुसता काथ्या व्हायचं. तेव्हा मी तेलाची बाटली पेजेच्या ऊन पाण्यात उभी करायचे. पांढरं तेल तळापासून हळूहळू निवळत वर यायचं आणि तू गुडघ्यांवर हनुवटी ठेवून ते बघत बसायचीस. मग बोटांनी मुळाशी तेल, आणि लाकडी फणी टोकापासून वर. वरून खाली ओढली तर केस तुटतात. तरी तू ओरडायचीसच, "आये, खेचू नको गो!" दुसऱ्या दिवशी शिकेकाई-रिठ्याचं कोमट पाणी. कढत कधीच नाही, त्याने केस आणखी कोरडे होतात. आणि उन्हात पाठ करून बसायचं. केस वाळल्याशिवाय वेणी नाही, मग शाळेची घंटा झाली तरी चालेल. तुझे बाबा चेष्टा करायचे, "हिच्या न्हाण्याला मिठागराएवढं पानी लागतं."

म्हणून काल मला एवढंच दिसत होतं, की हे केस माझे आहेत, मी राखलेले आहेत. कात्री माझ्या पिशवीत नेहमी असते. मी पिशवीत हात घातला. तेवढ्यात तू माझं मनगट धरलंस आणि बायकांना वाटावं देवी आशीर्वाद देतेय, अशी माझ्या कानाशी वाकलीस. "आये, कापू नको. ही हाय म्हणून मी बसलेली हाय." मग पुटपुटत तू जे सांगितलंस, ते मी रात्रभर ऐकतेय. पुन्हा मुलगीच म्हणून पाचव्या दिवशी तुला विहिरीवर धाडलं. पहाटेच्या गारठ्यात डोक्याला बांधलेलं फडकं मग सुटलंच नाही. केस विंचरायला बसलीस तर धोंडुबाई म्हणायच्या, "नटून कुनाला दाखवायचंय?" नवरा म्हणवणारा काळुराम शिफ्टवरून आला की हात उचलायचा. आणि जट दिसली त्या दिवसापासून तो तुझ्या पाया पडून शिफ्टला जातो. हे सांगताना तुझी बाही वर सरकली. हिरवा-पिवळा पडत चाललेला तो वळ मी पाहिला. कात्री पिशवीतच राहिली आणि मी उठले.

जट म्हणजे न विंचरलेले केस, हे वाक्य मी शेकडो सभांत बोलले आहे. ते आजही खरं आहे. पण बाईला केस विंचरण्याइतकाही निवांतपणा न देणारं घर तिच्या गुंत्यापुढे हात जोडून उभं राहतं, हे मी काल पाहिलं, आणि तेही माझ्या लेकीच्या सासरी. तुझा भित्रेपणा यात कुठेच नाही. तुला हाताशी जे मिळालं, त्याची तू ढाल केलीस. पण ती ढाल किती दिवस पुरेल? देवीनेही मुलगा दिला नाही तर काळुरामचा हात पुन्हा वर जायला वेळ लागणार नाही.

मास्तरांना आज सकाळी निरोप दिला, रविवारी स्टेजवर कुणाचेही केस कापायचे नाहीत. हे पत्र टपालाने पाठवत नाही. बायजाबाई सुकी मासळी घेऊन तुमच्या गल्लीत येते, तिच्या हातून देतेय. वाचून झालं की चुलीत घाल. आता लिहिण्याचं खरं कारण. देवीच्या नावाने मी आयुष्यात कधी खोटं बोलले नाही, कुणाला बोलू दिलं नाही. आज माझ्या हाताने तुला ते शिकवतेय. शुक्रवारी बायका जमल्या की डोळे मीट, घुमायला लाग आणि सांग, देवीला माहेरी जायचंय. दोन्ही पोरींना घेऊन जायचंय. काळुरामने स्वतः पेणच्या गाडीत बसवून द्यायचं आणि बोलवल्याशिवाय मागून यायचं नाही. त्या घरात तुझं कुणी ऐकणार नाही, तिचं ऐकतील. मी पेणच्या फलाटावर उभी असेन. तेलाची बाटली उन्हात ठेवलीय, फणी धुवून ठेवलीय. गुंता टोकापासून सोडवू, लागतील तितके दिवस लागोत. कात्री तू मागितलीस तरच काढीन. आणि इथे पोचलीस की धोंडुबाईंना आणि काळुरामला काय सांगायचं ते मी माझ्या तोंडाने सांगेन, देवीची गरज लागणार नाही. शुक्रवारी फक्त एक कर. आवाज मोठा काढ, शेवटच्या बाईपर्यंत पोचला पाहिजे. माझी लेक आहेस तू, जमेल.

गाडीकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आये