वळणावरचे झेब्रे हलवण्यापूर्वी

मी, सेंगदुआन फोम्मा, घरातलं नाव कुंग, वय सव्वीस, राहणार बान नोंग खोंग, प्रांत लोई, आज भर दुपारी लामदुआनमावशीच्या शेवयांच्या दुकानात बसून, पोटभर खाऊन, दारूचा थेंबही न घेता हे लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. मी रागात आहे, पण रागावलेल्या माणसाचं मृत्युपत्र चालत नाही असं कायद्यात कुठे नाही, मी विचारून आले. हे लिही म्हणून कोणी धाक घातलेला नाही. फक्त आमचे मुखिया थाविन यांनी भरसभेत सल्ला दिला, तो असा:

"पोरी, त्या वळणावरच्या एकाही झेब्र्याला हात लावायचा असेल ना, तर आधी मृत्युपत्र लिहून ये."

सगळी सभा हसली.

"लिहिते की, मामा," मी म्हटलं. "तुम्हांला काय हवंय ते सांगा, तुमचंही नाव घालते."

तर घातलंय. कलम चार बघा.

कलम एक. जमीन. वडिलांच्या मागे उडोमदादाकडे आणि उडोमदादाच्या मागे माझ्याकडे आलेली कसावाची पट्टी, जी उताराच्या वळणाला आतल्या अंगाने लागून आहे. नकाशात ती केळीच्या सालीसारखी दिसते आणि पिकतंही तेवढंच. तिच्यावर सध्या कसावा कमी आणि झेब्रे जास्त आहेत. सिमेंटचे, पट्टे रंगवलेले, मांजराएवढ्यापासून म्हशीएवढ्यापर्यंत. ज्याची गाडी तिथे घसरली आणि जो वाचला, त्याने वळणावरच्या भुताला झेब्रा देऊन नवस फेडला. जो वाचला नाही, त्याच्या घरच्यांनी आणून ठेवला. वळणावरच्या भुताला झेब्रा का आवडतो हे मी लहानपणी वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, "रस्त्यावर पट्टे असतात ना, म्हणून." मी म्हटलं, मग वाघ का नाही? त्यांनी मला सायकलवरून उतरवून चालत आणलं.

असो. ही पट्टी मी गावाला देते. अट अशी की तिच्यावर गुडघ्याहून उंच काहीही उभं राहता कामा नये. ना कसावा, ना झेब्रा, ना मुखियांच्या फोटोचा फलक. अपवाद एकच: लोखंडी खांब आणि त्याच्यावर गोल, फुगीर आरसा, ज्यात पलीकडून येणारं दिसतं. असा आरसा मी रानोंगला बंदरामागच्या बोळात पाहिला होता. तिथे मासळी निवडायच्या कामावर होते, आणि रोज सकाळी त्याच्यात बघून केस बांधायचे. एकदा केस बांधताना मागून येणारी बर्फाची गाडी त्यातच दिसली आणि मी भिंतीला चिकटले. म्हणून आज लिहायला बसलेय. आरसा म्हणजे काही चंद्रावरून आणायची वस्तू नाही.

अट मोडली तर पट्टी रस्ते खात्याला जावी. त्यांनी तिच्यावर डांबर घालून रस्ता सरळ करावा.

कलम दोन. अनुदान. हे माझ्या मालकीचं नाही, त्यामुळे ते कोणाला देता येत नाही हे मला कळतं. पण त्याचं काय झालं हे कुठेतरी लिहिलेलं असावं.

गावोगावच्या रस्तासुरक्षेच्या कामांसाठी जिल्ह्याकडून अनुदान येतं. गावाने अर्ज करायचा, गावाने काम ठरवायचं. फार चांगली गोष्ट आहे, मी टोमणा मारत नाही. शेजारच्या गावाने त्यातून शाळेसमोर उंचवटे केले. आमच्या गावाला मिळालं तेव्हा मी चांथाबुरीला दुरियनची फळं निवडायच्या कामावर होते. दादाने फोनवर सांगितलं, "आपल्या वळणाचं काम होणार गं! आता बघ." आवाजात काय आनंद होता त्याच्या! अर्जातल्या सूचनांमध्ये लिहिलं होतं की धोक्याची जागा वाहनचालकाला लांबून दिसली पाहिजे. समितीने त्यावर विचार केला. बराच केला असणार, कारण मध्ये दोन जेवणं झाली. मग त्यांनी एक झेब्रा केला. दुमजली घराएवढा.

दिसतो, नाही म्हणत नाही. डोंगराच्या पलीकडून दिसतो. वळण आता सगळ्या प्रांताला दिसतं. फक्त वळणापलीकडून येणारा ट्रक दिसत नाही, कारण त्याच्या आणि आपल्यामध्ये झेब्र्याचं पोट येतं.

उद्घाटनाला भिक्खू आले, ढोल आले, जिल्ह्याचे साहेब आले, सगळ्यांना चमकणारी जाकिटं वाटली. पाठीवर मुखियांचं नाव.

कलम तीन. दादा. उडोम फोम्मा, माझा मोठा भाऊ. साइडकार लावलेल्या मोटारसायकलवरून भाजी बाजारात नेणारा, लग्न न केलेला, ढोलाच्या तालावर अतिशय वाईट नाचणारा. ऊस तोडणीच्या दिवसांत, कोबी भरून चढावर निघाला होता. वरून उसाचा ट्रक आला. त्या ट्रकचा चालक सनित. पुढचं मी लिहिणार नाही.

मुखियांनी दोन आठवड्यांच्या आत दादाच्या नावाने तिथे झेब्र्यांची जोडी ठेवली. नेमकी त्याच जागी. म्हणजे जी थोडी फट उरली होती, तीही बुजली.

आणि मागच्या महिन्यात ते फळांची करंडी घेऊन माझ्या घरी आले.

"उडोमचा एक फोटो दे गं. हसरा बघ."

"कशाला?"

"नव्या अर्जाला लावायचाय. गावात कोणी गेलेलं असलं की अनुदान लवकर मंजूर होतं. तिथे झेब्रा उद्यान करू. छप्पर, बाकडी, फुलझाडं. नाव उडोमचं. केवढा मान! जमीन तुझी, म्हणून तुझी एक सही लागेल."

"मामा, आरसा मागा ना. नुसता आरसा. आणि ते झेब्रे देवळात नेऊन ठेवा."

"आरशाचं उद्घाटन करायला कोण येणार? आणि फोटोत काय येईल? आपलीच तोंडं!"

"येऊ देत. बघा तरी एकदा."

ते उठले. करंडी परत नेली. लोकहो, फळं परत नेली! मी एक संत्रं आधीच सोललं होतं, ते राहिलं.

दादाचा हसरा फोटो माझ्याकडे आहे. तो कोणत्याही अर्जाला, फलकाला, कॅलेंडरला लावू नये. मी मेल्यावर तो माझ्याबरोबर जाळावा. माझाही फोटो त्याच कारणासाठी कोणाला देऊ नये. गावात एक मेला तर एक अनुदान आणि दोन मेले तर दोन, असं गणित कोणी मांडू नये, म्हणून हे स्पष्ट लिहिते.

कलम चार. मुखिया थाविन यांस. माझ्या जमिनीवर जे उभं आहे ते माझं, असं जमीन कचेरीतल्या बाई म्हणाल्या. म्हणून दुमजली झेब्रा मी मुखियांना देते. तो त्यांच्या दाराच्या अगदी समोर उभा करावा, अशा बेताने की सकाळी खिडकी उघडल्यावर त्यांना रस्त्यावरून कोण येतंय ते कळू नये. त्यांची नात सायकल शिकतेय. ती कोपऱ्यावरून वळताना दिसावी म्हणून ते स्वतःच्या हाताने तो झेब्रा फोडतील, आणि तेव्हा मी जिथे असेन तिथून टाळ्या वाजवेन.

पोरीला काही होऊ नये. तिच्यावर माझा राग नाही.

कलम पाच. बाकीच्या वस्तू. माझी मोटारसायकल माझ्या चुलतबहिणीला. ब्रेक नवे आहेत, आरसे दोन्ही आहेत, आणि ते तिने ओठ रंगवायला वापरले तरी हरकत नाही. रानोंगचे रबरी बूट ज्याच्या पायाला येतील त्याला. गवत कापायचं यंत्र देवळाला. कोंबडा विकू नये, झुंजीला तर मुळीच देऊ नये. तो भित्रा आहे. जत्रेतल्या नाचगाण्याच्या तांड्याबरोबर फिरत होते तेव्हाचा एक रंगीत दिवा आहे. तो कोणाला द्यावा हे ठरत नाहीये. तांड्यातली सगळी माणसं आठवतात, पण आता कोण कुठे आहे देव जाणे. लामदुआनमावशी म्हणते, "मला दे की, दुकानात लावते." पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असा कायदा.

"मग मी फुकट सही करू?" मावशी.

"हो."

"आणि त्या भुताने मला धरलं म्हणजे?"

"तू झेब्र्याला हात कुठे लावतेयस? तू फक्त कागदाला लावतेयस."

"तुझ्या जिभेला हाड नाही बघ, कुंगे. दे इकडे पेन. आधी भांडं धुऊन येते."

ती भांडं धुवायला गेली ती अजून आलेली नाही. तोवर पुढचं लिहिते.

कलम सहा. उद्याचं. गाव म्हणतं, जो त्या झेब्र्यांना हलवेल त्याला वळणावरचं भूत नेईल. मी उद्या सकाळी सगळे झेब्रे हलवणार आहे. थोरला सोडून, त्याला यंत्र लागेल. सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सणाला, सगळी पोरं शहरातून घरी येतात, पाणी उडवतात, पितात, एका गाडीवर तिघं बसतात. ती याच वळणावरून येणार. त्यांच्या आधी जागा मोकळी झाली पाहिजे. झेब्रे फोडायचे नाहीत. लोकांनी श्रद्धेने ठेवलेत. देवळाच्या मागच्या अंगणात ओळीने मांडायचे. भिक्खू म्हणाले, "आणा. कोंबड्यांना सावली होईल."

गावातून एकही गाडी मिळाली नाही. मिळाला तो सनितचा ट्रक. हंगाम संपून साखर कारखाना बंद झालाय, ट्रक रिकामा आहे. इतके महिने मी या माणसाला शिव्या घातल्या आहेत. त्याच्या दारात जाऊन घातल्या, त्याच्या आईसमोर घातल्या. परवा तो स्वतः आला, दाराबाहेर उभा राहिला, म्हणाला, "ऐकलं की तुला गाडी पाहिजे." त्याला त्या सकाळी काय दिसलं हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. काल विचारलं. ते त्याने स्वतःच सहीखाली लिहावं, मी त्याच्या वतीने बोलणार नाही.

उद्या मला काही झालं तर वळणावर माझ्यासाठी काहीही ठेवू नये. फूल नको, भुतांपुढे ठेवतात ती लाल सरबताची बाटली नको आणि झेब्रा तर आईशपथ नको.

कलम सात. काही झालं नाही तर. तर मुखियांनी नवा अर्ज आरशासाठी करावा, मी त्याच दिवशी सही देईन. मृत्युपत्र मग पडून राहील, राहू दे. मी कुठेतरी भटकत असेन. पण सहीसाठी हाक मारलीत तर बसमध्ये उभं राहून येईन.

सही: सेंगदुआन फोम्मा (कुंग)

साक्षीदार पहिली: लामदुआन सीहा, शेवयांचं दुकान. भांडं धुवायला वेळ लागला कारण मी घाबरले होते. माझ्या नवऱ्याचा पाय वाचला तेव्हा मीही एक झेब्रा ठेवला होता, डावीकडचा, कान तुटलेला. तो मी स्वतः उचलून ट्रकमध्ये ठेवीन. दुसऱ्या कोणी त्याला हात लावू नये.

साक्षीदार दुसरा: सनित खाम्मून, ट्रकचालक. मला लिहायची सवय नाही. मी उतारावर होतो. मध्ये झेब्रे, काही दिसत नव्हतं, म्हणून मी हॉर्न वाजवला. पलीकडून पण हॉर्न आला. या वळणावर सगळेच जाता-येता भुताला नमस्कार म्हणून हॉर्न देतात. मला वाटलं, कोणीतरी नमस्कार करतंय, म्हणून थांबलो नाही. त्यालाही माझ्याबद्दल तेच वाटलं असणार. चौकशीला आलेल्यांना हे मी सांगितलं होतं. त्यांनी लिहून घेतलं नाही. म्हणून इथे लिहिलं.

बान नोंग खोंग, मंगळवार, ९ एप्रिल, बुद्धसंवत २५६७