गाडी माझ्याशिवाय कुणाच्या बापाला हलणार नाही

२ ऑगस्ट, रविवार
पाऊस शून्य. ऑगस्ट म्हणजे आमचा भर हिवाळा. दहिवर इतकं की कोंबड्यांच्या पाण्यावर साय धरल्यासारखा बर्फ.

ग्लेनिस आणि जावई डेरेक काल समुद्रकाठाहून आले. सोबत वृद्धाश्रमाचा रंगीत कागद. त्यावर एक म्हातारी चेंडू फेकताना हसते आहे. एवढं हसायला तिला काय पाजलं होतं कोण जाणे.

ग्लेनिस म्हणाली, आई, एकवीस तारखेला तुला पंच्याऐंशी पूर्ण. त्याच्या आत गाडीची परीक्षा पास झाली नाहीस तर लायसन्स गेलं. मग गावापासून चाळीस किलोमीटरवर एकटी काय करशील? मेंढीवर बसून जाशील? मी म्हटलं, मेंढी तुझ्या नवऱ्यापेक्षा बरी वळते. डेरेक म्हणाला, गाडी सोमवारी आम्ही नेतो, जरा तपासून घेऊ. तपासून म्हणजे विकून. माझी अर्धी जिंदगी त्या गाडीत गेली. मागच्या हौद्यात माझ्या नवऱ्याने, लेसने, कोकरं आणली, खतं आणली, शेवटी लेसलाही त्यातूनच नेला.

आमच्याकडे किल्ली गाडीलाच लटकलेली असते. सगळ्यांचीच. वणवा आला तर ज्याच्या हाताशी जी गाडी लागेल ती घेऊन पळायचं. कुणी किल्ली काढून घरात नेली तर लोक विचारतात, काय गं, कुणाशी भांडलीस? म्हणजे किल्ली लपवायची सोय नाही. अक्कल लपवायची आहे. पहाटे उठून बोनेट उघडलं आणि काय करायचं ते केलं. काय केलं ते इथेही लिहीत नाही, ग्लेनिसला लहानपणापासून दुसऱ्याचं वाचायची खोड आहे. लिहायची गरजही नाही. माझं डोकं म्हणजे पोलादी पेटी.

गाडी आता माझ्याशिवाय कुणाच्या बापाला हलणार नाही.

४ ऑगस्ट, मंगळवार
काल डेरेकने किल्ली फिरवली. घर्रर्र, घर्रर्र, घर्रर्र. इंजिन फिरतं, पेटत नाही. मग बोनेट उघडून मयताला आल्यासारखा हात मागे बांधून उभा राहिला. मी खिडकीतून म्हटलं, राहू दे बाबा, जुनी झाली, माझ्यासारखी. शेवटी आपल्याच गाडीत बसून दोघं गेली. पडद्याआड इतकी हसले की कवळी निसटली.

संकल्प: उद्यापासून रोज गाडीचा सराव. वळण, चढ, मागे घेणं, सगळं.

५ ऑगस्ट, बुधवार
सराव उद्यापासून. आज फ्रूट केक. परीक्षा घेणारी बाई वीस तारखेला गावात येते, तिच्यासाठी. लाच नव्हे, पाहुणचार. केक चांगले पंधरा दिवस मुरावा लागतो.

स्वयंपाकघरातला बल्ब गेलाय. मला फरक पडत नाही, माझी नजर घारीची. बरणीतले बेदाणे तसेच ओतले. बोटाला काहीतरी टणक लागलं. देठ असणार. हल्ली बेदाणेही निवडून देत नाहीत. म्हटलं, शिजेल.

८ ऑगस्ट, शनिवार
सरावाला बसले. घर्रर्र, घर्रर्र. पेटेना.

डेरेकने हात लावला तेव्हाच ओळखलं होतं, काहीतरी बिघडवून गेला. त्याच्या हातात टोस्टरही टिकत नाही.

हरकत नाही. मी शाळेत चौथीपर्यंत गेले, पण इंजिन म्हणजे चूलच. स्टार्टर फिरतोय म्हणजे बॅटरी जिवंत. राहिलं काय? पेट्रोल, ठिणगी आणि हवा. सरपण, काडी, फुंकर. उद्या दुपारपर्यंत सुरू करून दाखवते.

९ ऑगस्ट, रविवार
प्लग काढले. ओलसर वाटले म्हणून ओव्हनमध्ये शेकले. तिथेच मांस भाजत होतं. प्लग सुरेख निघाले. मांस कुत्र्यानेही हुंगून सोडलं.

प्लग परत बसवले. घर्रर्र. एक स्क्रू उरला. गाडीवाले दोन-चार जास्तीचे देतातच.

१० ऑगस्ट, सोमवार
मर्व्हला फोन केला. मर्व्ह म्हणजे शेजारच्या मळ्याचा, त्याचं फाटक इथून अकरा किलोमीटर. बायको गेल्यापासून आधीच कमी बोलणारा माणूस आणखी आखडला. मदत नाही मागितली, फक्त विचारलं. तो म्हणाला, किल्ली अर्धीच फिरव, स्टार्टर मारू नकोस. टाकीकडून दोन सेकंद बारीक गुणगुण येते का बघ. ती पंपाची. आली तर पेट्रोल पोचतंय.

फोन तसाच चालू ठेवून शेडमध्ये गेले, किल्ली अर्धी फिरवली. गुणगुण स्पष्ट. किल्ली बंद केल्यावरसुद्धा येत होती, इतका दणकट पंप आहे. ग्लेनिस म्हणते कानाला यंत्र लाव. यंत्र तिच्या नवऱ्याच्या डोक्याला लावावं.

मर्व्ह म्हणाला, नक्की ना, एनिड? मी म्हटलं, मेल्या, मी काय बहिरी आहे? तो म्हणाला, मग पंप बरा, त्याचा फ्यूजही बरा. पेट्रोलमध्ये पाणी असेल.

पाणीच असणार. मी सकाळीच म्हटलं होतं. म्हटलं नव्हतं, पण मनात होतं.

१२ ऑगस्ट, बुधवार
पाऊस शून्य.
टाकी उपसली. पेट्रोल काचेसारखं स्वच्छ. तरी नवीन भरलं, डब्यातलं. अर्धं जिरेनियमच्या वाफ्यात सांडलं. घर्रर्र.

गावातल्या पेट्रोलवाल्याला फोन करून झाडला. तो म्हणाला, आजी, त्याच दिवशी त्याच टाकीतून ॲम्ब्युलन्सनेही भरलं. मी म्हटलं, मग आजाऱ्यांचं काही खरं नाही. त्याने फोन ठेवला. हल्ली लोकांना खरं ऐकवत नाही.

१४ ऑगस्ट, शुक्रवार
उंदीर. उंदरांनीच वायर कुरतडली असणार. मांजर शेडमध्ये कोंडली. सकाळी ती ड्रायव्हरच्या सीटवर झोपलेली. निदान गाडीत कुणीतरी बसलं.

१६ ऑगस्ट, रविवार
जिरेनियम मेलं.

ग्लेनिसचा फोन. आई, गाडी चालू झाली का गं? मी म्हटलं, धावतेय नुसती, थांबवावी लागते. ती म्हणाली, खरंच? आवाजात आनंद नव्हता. वृद्धाश्रमात समुद्राकडची खोली रिकामी झालीय म्हणाली. रिकामी कशी झाली ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

मर्व्ह म्हणाला, परीक्षेला माझी गाडी ने, ऑटोमॅटिक आहे, सोपी जाईल. मी म्हटलं, ऑटोमॅटिक ही गाडी नव्हे, खुर्ची आहे. खुर्चीत बसायची वेळ आली की सांगेन.

बॅटरी दमली. चार्जरला लावली. मी नाही दमले.

१८ ऑगस्ट, मंगळवार
मर्व्हला बोलावलं. चहाला. तो येताना हत्यारांची पेटी घेऊन आला, तो त्याचा प्रश्न.

किल्ली अर्धी फिरवली, टाकीपाशी गुडघे टेकले, कान लावला. मग उठला, शेडच्या कोपऱ्यात गेला आणि लेसच्या बिअरच्या फ्रीजची पिन काढली. गुणगुण बंद. म्हणाला, एनिड, तू आठ दिवस फ्रीज ऐकत होतीस. मी म्हटलं, फ्रीजही चांगल्या स्थितीत आहे हे तरी कळलं.

मग त्याने फ्यूजची डबी उघडली. पंपाच्या जागी भोक. फ्यूज जळालेला नाही. फ्यूज नाहीच. मर्व्ह माझ्याकडे बघत राहिला. असा का बघत होता कळेना.

मला लख्ख समजलं. डेरेक! म्हणजे त्या सोमवारी बोनेट उघडून शोकसभा भरवली होती ती ढोंग होतं. चोर! लगेच ग्लेनिसला फोन केला, म्हटलं, तुझ्या नवऱ्याला म्हणावं, म्हातारीच्या गाडीचा फ्यूज खिशात घालून नेतोस, लाज नाही वाटत? ग्लेनिस रडायला लागली. मागून डेरेक ओरडत होता, फ्यूज म्हणजे कुठला तोच मला माहीत नाही! हे मात्र पटण्यासारखं होतं. तरी चोर. वीस तारखेला दोघं येतायत, समोरासमोर सोक्षमोक्ष लावायला. लावू दे. पेट्रोलवाल्याच्या बायकोलाही सांगून ठेवलं, म्हणजे गावभर झालं.

मर्व्हने हॉर्नचा फ्यूज उपटून पंपाच्या जागी खोचला. म्हणाला, हॉर्नवाचून तुझं काय अडतं, मेंढ्या तुझ्या तोंडाला ओळखतात. किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात धडधडली.

मी आधीपासून म्हणत होते, फ्यूज आहे.

२० ऑगस्ट, गुरुवार
सविस्तर लिहिते. म्हणजे सगळं नाही.

मर्व्ह शेजारी, केक मांडीवर. गावात ग्लेनिस आणि डेरेक आधीच हजर, दोघांची तोंडं सुतकी. परीक्षावाली पेनफोल्डबाई, तरुण पोर, हातात पाटी. गाडीभोवती फिरली. दिवे ठीक. ब्रेक ठीक. म्हणाली, आजी, हॉर्न वाजवा. मी दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. शेवटी मी तोंडाने वाजवला. म्हणाली, तो चालत नाही. हॉर्नशिवाय गाडी रस्त्यावर नाही, परीक्षा नाही. आणि मी पुन्हा पुढच्या महिन्यात येईन.

पुढच्या महिन्यात! उद्या तर पंच्याऐंशी.

मेंढ्यांच्या लिलावाचा दिवस, गॅरेज बंद. मर्व्ह म्हणाला, थांबा, बाजारात एवढ्या गाड्या उभ्या आहेत, कुणाचा तरी फ्यूज मागून आणतो. ग्लेनिस हळूच म्हणाली, आई, राहू दे ना आता. तिच्या पर्समधून तो रंगीत कागद डोकावत होता.

पेनफोल्डबाई म्हणाली, अर्धा तास थांबते. मी केक कापला. आम्हाला घ्यायला चालत नाही, म्हणाली. मग दुसऱ्यांदा म्हणाली, पण जरा हळू. सकाळपासून उपाशी होती बिचारी. घेतला.

कट्ट.

तिने गालाला हात लावला. मग रुमालात काहीतरी काढलं. अर्धा दात. आणि एक निळा फ्यूज, त्याला बेदाणा चिकटलेला.

आता फक्त मेंढ्या बोलत होत्या.

तेव्हा मला सगळं आठवलं. पहाट, बोनेट, बेदाण्यांची बरणी. काय सुरेख जागा शोधली होती! डेरेकला जन्मात सापडली नसती. म्हणजे माझी आठवण गेलेली नव्हती, वाटेत होती. मी तसं सांगितलं. डेरेक म्हणाला, मग चोर कोण? मी म्हटलं, तू गाडी न्यायला निघाला नसतास तर मी कशाला लपवला असता? मूळ शोधायला शिका.

ग्लेनिस बराच वेळ खाली बघत होती. खांदे हलत होते. वाटलं रडतेय. हसत होती, कार्टी.

मर्व्ह रिकाम्या हाताने आला, रुमालात बघितलं, काही न विचारता फ्यूज सदऱ्याला पुसला आणि खोचला. हॉर्न असा वाजला की लिलाव थांबला.

पेनफोल्डबाईने गालाला रुमाल धरून परीक्षा घेतली. बोलता येत नव्हतं म्हणून डावीकडे-उजवीकडे हातानेच दाखवत होती. त्यामुळे ऐकू येण्याचा प्रश्नच आला नाही. तसे कान चांगलेच आहेत.

पास. घर ते गाव आणि गाव ते घर, त्यापलीकडे नाही. पलीकडे आहे काय? डेरेक.

२२ ऑगस्ट, शनिवार
वाढदिवस काल झाला. ग्लेनिसने तो रंगीत कागद स्वतःच्या हाताने चुलीत घातला. डेरेकला उरलेल्या केकचा सगळ्यात मोठा तुकडा वाढला, माफीबिफी त्यातच आली. त्याने आधी तो काट्याने पार चुरून पाहिला.

जेवताना म्हणाला, सासूबाई, उद्या जाताना गाडी दोन दिवस नेतो, ब्रेक नीट करून आणून देतो. चेहरा भाबडा. मी ओळखते हे भाबडे चेहरे. पहाटे उठून जे करायचं ते करीन. या वेळी जागा अशी शोधलीय की दातही पोचणार नाहीत. ग्लेनिससाठी उद्या दुसरा केकही करून द्यायचाय.

२७ ऑगस्ट, गुरुवार
पाऊस चार मिलिमीटर. अखेर.

नवं लायसन्स पर्समध्ये घातलं, टोपी घातली, पेट्रोलवाल्याला दाखवायला निघाले. घर्रर्र, घर्रर्र, घर्रर्र.

डेरेक! पुन्हा! रविवारी पेटेना म्हणून सोडून गेला, तेव्हाच काहीतरी करून ठेवलं.

बॅटरी जिवंत आहे. स्टार्टर फिरतोय. गुणगुणही येते. प्लग ओव्हनमध्ये ठेवलेत. मर्व्हला फोन केला, सगळं नीट सांगितलं. तो म्हणाला, एनिड, घरात केक आहे का?

आहे म्हटलं, ग्लेनिसला अर्धा दिला, अर्धा उरलाय.

म्हणाला, कापू नकोस. मी येतो.