ताईच्या मापाची

४ तारीख

पोहोचले एकदाची! भावजी स्वतः घ्यायला आले होते. शिलाई मशीन सोबत आणलेलं बघून म्हणाले, मेव्हणी म्हणजे गोगलगाय, घर पाठीवर घेऊन हिंडते. खाली त्यांचा दवाखाना, वर घर. ताई दारातच उभी होती, नाकाला ऑक्सिजनची नळी. फार वाळलीय, पण जिभेची धार तश्शीच. म्हणाली, तू जाड झालीस. मी म्हटलं, तुझ्या वाटणीचंही मीच खातेय ना! मग दोघी गळ्यात पडून रडलो. निघताना आईनं बजावलं होतं, तिला तुझी गरज आहे. ताई बरी होईपर्यंत मी इथून हलायची नाही.

६ तारीख

जेवताना भावजींनी नीट समजावलं. ताईची फुप्फुसं निकामी होत चाललीत, दुसऱ्या कुणाची मिळाली तरच ती जगेल. पण मिळाली म्हणून कुठलीही चालत नाहीत. रक्तगट जुळायला हवा आणि मापही. ते वजनावरून नाही, उंचीवरून ठरवतात. ताई पडली बुटकी. धिप्पाड माणसाची फुप्फुसं तिच्या बरगड्यांत मावायची कशी? मी म्हटलं, हे तर आमच्याच धंद्यासारखं झालं! आमचा नियमही ऐकवला: बेतताना जरा मोठंच बेतावं. मोठं झालं तर दाबून घेता येतं, तोकडं पडलं तर कापड आणायचं कुठून? ताईला इतकं आवडलं की तिनं पुन्हा म्हणायला लावलं.

मग लहानपणीसारखं दोघींना चौकटीला पाठ लावून उभं केलं. भावजींनी डोक्यावर पुस्तक ठेवून पेन्सिलीनं खूण केली. दोघींची एकच रेघ. एकीचे कपडे दुसरीला कायमच होत आलेत, त्यात नवल ते काय.

९ तारीख

भावजींनी माझीही छाती तपासली. कापडाची धूळ वाईट असते म्हणे. फोटो काढला, रक्त घेतलं, नळीत फुंकायला लावलं. फुगे फुगवण्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही. फुंकलं दणक्यात! भावजी म्हणाले, लाखात एक छाती आहे. ताई माझ्याकडे बघतच राहिली. म्हटलं, दृष्ट लावशील ग.

माझा मोबाइल जरा अडकत होता, तो त्यांनी दुरुस्तीला नेलाय.

१३ तारीख

ताईनं निळं कापड काढून दिलं. बरी झाल्यावर घालायला तिला ड्रेस हवाय. मी टेप घेऊन गेले तर म्हणाली, माझं नको, तुझंच माप घे. तोवर मी तुझ्याएवढी भरेन. मी हसले. नंतर बेतायला बसले आणि कात्री हातातच राहिली. उगाच.

१५ तारीख

बटणं आणायला खाली उतरले. दवाखान्यात बसलेल्या एका आजींनी हात धरला. डोळ्यांत पाणी. विचारू लागल्या, आज बरं वाटतंय का बाळा? डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलंय की त्यांच्या मेव्हणीच्या मेंदूत शीर फुगलीय, कधी फुटेल नेम नाही. माझ्या? मी तर ठणठणीत आहे!

ताईला विचारलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ऐकण्यात काहीतरी चुकलं असेल. खोटं बोलताना तिचे कान लाल होतात, अगदी लहानपणापासून. लाल झाले होते.

१६ तारीख

दवाखान्याच्या फोनवरून आईला गाठलं. माझा आवाज ऐकून रडायलाच लागली. तिलाही तेच सांगितलंय. मी वाचणार नाही, आणि मला ते कळू द्यायचं नाही. मी ओरडले, साफ खोटं आहे ते. ती म्हणाली, जावई देवमाणूस आहेत. दोघी जाण्यापेक्षा एक तरी राहील, म्हणाली. मी गेल्यावर माझी फुप्फुसं ताईला द्यायला तिनं होकार दिलाय. माझ्या आईनं. मला न विचारता.

बॅग उचलून खाली धावले. कंपाउंडरनं दार अडवलं. मी किंचाळले तशी माणसं उठली, पण मला सोडवायला नाही. बिचारीचा डोक्याचा आजार, म्हणत होते. त्या आजींनीच मला धरून वर आणलं. किती मायेनं.

१७ तारीख

ताईला जाब विचारला. ती म्हणाली, मला जगायचंय ग. एवढंच. माफीसुद्धा नाही. तिच्या प्रत्येक दुखण्यात मी उशाशी बसले. परक्यानं केलं असतं तर सोसलं असतं. सख्ख्या बहिणीनं केसानं गळा कापला.

आता बाहेरून कडी असते.

१८ तारीख

आशा आहे! ताई झोपली असताना छातीला टेप लावली. आजारानं तिच्या बरगड्या आकसल्यात. उंची एक असली तरी माझं माप तिला मोठं — खूप मोठं. मावणारच नाही.

भावजींना सांगितलं. हसले.

म्हणाले, मोठं असलं तर दाबून घेता येतं. कडेचा तुकडा कापून टाकायचा. तुझाच नियम, तुझ्या ताईनंच आठवण करून दिली —

१९

दार ढकलून ढकलून खांदा सुजला. कुणी येत नाही. येतात ते कीव करायला —

आईला एकदा तरी —

तारीख?

सूप कडू होतं. ताईनं स्वतः भरवलं — मी प्यायले. तिनं भरवलं म्हणून —

हात जड. ती शेजारीच आहे. केसांवरून हात फिरवतेय. विचारतेय ड्रेस झाला का —

एक बाही राहिलीय —

म्हणते, राहू दे, दमलीस. बाकीचं मी