उंबऱ्या, जरा खाली हो

पनवेल, रविवार

प्रिय भामाताई,

हे पत्र स्वतः वाच, सूनबाईकडून वाचून घेऊ नकोस. वेळ लागला तरी चालेल. फोन तीनदा हातात घेतला आणि खाली ठेवला. पंचवीस वर्षं शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला सख्ख्या बहिणीशी बोलायला तोंड फुटेना, म्हणून कागद घेतला. कालपासून मी हादरलेला आहे. चहा पुढ्यात येतो आणि गार होऊन परत जातो.

काल बेलपाड्याला मावशीच्या कृष्णकांतकडे गेलो होतो. त्याच्या अंकिताची हळद होती. तुझ्या गुडघ्यांमुळे तू येणार नाहीस हे कळलंच होतं. मांडव म्हणशील तर एखाद्या पुढाऱ्याच्या सभेला शोभेल एवढा. पण ऐन हळद लावायच्या वेळेला डीजेवाल्याचं काहीतरी जळलं आणि सगळं गप्प झालं. पोरं हिरमुसली. तेव्हा कुणीतरी कोपऱ्यातल्या भीमाबाईंना पुढे आणून बसवलं. आपल्याच गावातून बेलपाड्यात दिलेल्या, आईबरोबर लग्नालग्नांत धवले गाणाऱ्या भीमाबाई. तोंडात आता दात नाहीत, पण आवाज तसाच आहे.

मी मजेत ऐकत होतो. तुला माहीत आहे, धवल्यांवर मी कॉलेजांतून भाषणं ठोकतो. लग्नाचं हे गाणं कुण्या एकाचं नसतं, त्याला कर्ता नसतो, ते समूहाच्या तोंडून आपोआप उमलतं, असलं काहीबाही. पोरं टिपून घेतात, टाळ्याही पडतात.

आणि भीमाबाईंनी धरलं, 'उंबऱ्या रं उंबऱ्या, जरा खाली हो, माजी आय म्हातारी हाय.'

ताई, ही तर माझ्या पुस्तकातली ओळ. माझ्या पहिल्या कादंबरीत नवरी घर सोडताना चुलीचा, जात्याचा, उंबऱ्याचा निरोप घेते, तो उतारा तुला आठवत असेल. आठवत असेल काय, असणारच. त्याच उताऱ्याने मला लेखक केलं. पुण्याच्या एका समीक्षकाने त्यावर चार पानं लिहिली होती. हे कसं सुचलं असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, मिठागराच्या बांधावर चालताना एकदम सुचलं. आणि मी खोटं बोलत नव्हतो गं. मला खरंच तसं वाटायचं. तोंडातला 'हाय' काढून तिथे 'आहे' लिहिलं, आणि ओळ माझी झाली असं मी धरून चाललो.

भीमाबाई तीन कडवी गाऊन थांबल्या. मी जवळ जाऊन विचारलं, हा आईचा धवला का? तर हसल्या. म्हणाल्या, 'तुजे आयचा नाय रं. भामानं बांदलेला हाय, तिचे हळदीला. पुडचा मना येत नाय, तिलाच इचार.'

मग सगळं दिसायला लागलं. तुझी हळद. मी आठ वर्षांचा, तुझ्या पदराला धरून घरभर फिरणारा. तू एकेका वस्तूपाशी थांबून पुटपुटत होतीस आणि मला वाटत होतं, ताई रडतेय. आपला उंबरा उंच होता, उधाणाचं पाणी आत येऊ नये म्हणून बाबांनी वीतभर चढवलेला. आई त्याला अडखळून दोनदा पडली होती. असा उंबरा दुसऱ्या कुणाच्या घरी होता? हे गाणं समूहाला कुठून सुचणार होतं? एकोणीस वर्षांच्या, चौथी शिकलेल्या पोरीला सुचलं, आणि तिचा विद्वान भाऊ गावोगाव सांगत फिरला की याला कर्ता नसतो.

मला लाज वाटते, आणि थोडा रागही येतो, तुझा. तू कादंबरी वाचलीस. महिनाभर वाचत होतीस, भावजी चेष्टा करायचे. मग मला म्हणालीस, 'बरा लिवलास, जगू.' बस, एवढंच. त्या पानावर पोचलीस तेव्हा काय वाटलं तुला? माझी पाठ थोपटताना तुझा हात जरासुद्धा कसा थांबला नाही?

आता कशासाठी लिहितोय ते सांगतो. पुस्तकाला पंचवीस वर्षं झाली म्हणून नवी आवृत्ती निघते आहे, आणि नेमका तोच उतारा मलपृष्ठावर छापायचा होता. सकाळी फोन करून छपाई थांबवली. प्रकाशक म्हणाले, लोकगीतच आहे, कुणी विचारणार नाही. मी म्हटलं, ते माझ्या बहिणीचं आहे आणि ती उरणला राहते. तिथे तुझं नाव हवं आहे, आणि धवला तुझ्याच बोलीत, पूर्ण हवा आहे. तू नको म्हणालीस तर तो उतारा पुस्तकातून जाईल. काल घरी आल्यावर मला आणखी एक आठवलं. पहिली प्रत तुला दिली तेव्हा आतल्या पानावर मी झोकात लिहिलं होतं, 'ताईस, समजेल तेवढं वाच.' येत्या रविवारी वही घेऊन तुझ्या पडवीत येतो. तू गा. मला समजेल तेवढं मी लिहून घेईन.

तुझाच,
जगू